खान्देशच्या हवेत आधुनिक कॉमिक्सचे प्रेसिंग : मुखपृष्ठ आणि पाने न दुखावता

मुंबईहून मागवलेले कॉमिक वैशाखातल्या दुपारी जळगावात पाकिटातून बाहेर काढले, की सुरुवातीला सपाट दिसणारे त्याचे मुखपृष्ठ तासाभरात कडेने उचलले जाऊ लागते आणि संध्याकाळपर्यंत त्याची पन्हळ झालेली असते. कॉमिक सदोष नसते आणि कुरिअरवाल्यानेही काही केलेले नसते. समुद्रकाठच्या दमट हवेत कागदाच्या तंतूंनी धरून ठेवलेला ओलावा आमच्याकडच्या कोरड्या हवेत झपाट्याने निघून जातो. कागद आकसतो, पण त्यावरचा चकचकीत लेप किंवा लॅमिनेशनचा पापुद्रा तितका आकसत नाही, आणि या ओढाताणीत पान वळते. प्रेसिंगला हात घालण्यापूर्वी एवढे नीट समजून घ्यावे, कारण ओलावा, उष्णता आणि दाब या तिघांच्या मेळाने कागदाला पुन्हा सपाट बसायला लावणे यालाच प्रेसिंग म्हणतात, आणि यांतल्या पहिल्या दोन गोष्टी आपल्या खोलीत किती आहेत हे यंत्राआधी खान्देशची हवा ठरवते.

कागद हा वनस्पतींच्या तंतूंचा थर असतो. हे तंतू एकमेकांना जिथे धरून असतात ते बंध ओलाव्याने सैल होतात, उबेने तंतू मऊ पडतात, आणि मग सपाट पृष्ठभागांमध्ये दाबून ठेवून कागद थंड व कोरडा होऊ दिला, की ते बंध नव्या, सपाट स्थितीत पुन्हा बसतात. यात थंड होण्याचा भाग तापवण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचा आहे. ज्यांची कॉमिक्स प्रेसिंगनंतर आठवडाभरात पुन्हा वळतात, त्यांनी बहुधा तापवण्यात कसर ठेवलेली नसते. त्यांनी निवू देण्यात घाई केलेली असते.

आधुनिक कॉमिकचा कागद वेगळा का वागतो, हेही येथेच सांगतो. १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्सची आतली पाने सच्छिद्र, वर्तमानपत्री जातीची होती; ती ओलावा सहज पितात आणि सहज सोडतात. आजच्या कॉमिक्सची पाने मात्र बहुतांशी छापखान्यात ज्याला आर्टपेपर म्हणतात त्या जातीची, म्हणजे चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेट चिकटद्रव्यात मिसळून लेप दिलेली असतात. हा लेपच शाईला चमक देतो आणि हाच लेप प्रेसिंगमध्ये सर्वांत मोठा धोका ठरतो, कारण ओलावा व उष्णता एकत्र जास्त झाली की त्यातले चिकटद्रव्य पुन्हा चिकट होते आणि दाबाखाली समोरासमोरची पाने एकमेकांना धरून बसतात. अशी पाने सोडवताना एका पानावरचे चित्र दुसऱ्या पानावर निघून येते, आणि त्यावर कोणताही इलाज नाही. जुन्या कॉमिक्ससाठी लिहिलेल्या सूचना जशाच्या तशा नव्या कॉमिक्सवर वापरणे म्हणूनच चुकीचे आहे.

काय सुधारते आणि काय सुधारत नाही

खोलीतले दिवे मालवून कॉमिक टेबलावर ठेवावे आणि हातातली टॉर्च पानाच्या पातळीला जवळजवळ टेकवून तिरका प्रकाश टाकावा. समोरून न दिसणारा प्रत्येक पोचा, बोटाचा दाब, लाट आणि सुरकुती या प्रकाशात सावली टाकते. मग प्रत्येक खुणेपाशी थांबून एकच प्रश्न विचारायचा: येथे रंग शाबूत आहे का? रंग न तुटलेला पोचा, हाताळताना चंद्रकोरीसारखी उमटलेली वळी, कण्याचा, म्हणजे पाने जिथे घडी घालून बांधलेली असतात त्या बाजूचा, एकीकडे गेलेला कल, कडेची लाट, हलका मुडपलेला कोपरा या गोष्टी प्रेसिंगने पूर्ण किंवा बऱ्याच अंशी जातात. जेथे शाईचा थर तडकून खालचा पांढरा कागद दिसू लागला आहे, तेथे उंचसखलपणा कमी होईल, पण पांढरी रेघ राहीलच. फाटलेले फाटलेलेच राहते, डाग डागच राहतो, आणि उन्हाने उतरलेला रंग परत येत नाही. अनेक नव्या संग्राहकांची निराशा यंत्रामुळे होत नाही. ही पाहणी न करता अपेक्षा ठेवल्यामुळे होते. पाहणी झाल्यावर दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत, म्हणजे नंतर स्वतःच्या स्मरणाशी वाद घालावा लागत नाही.

काही कॉमिक्सना उष्णता लावूच नये, आणि ही यादी मी जरा विस्ताराने देतो, कारण नुकसान बहुतेक वेळा निवडीतच होते. फॉइल लावलेली, होलोग्रामची किंवा उठावाची मुखपृष्ठे दाबाने सपाट होतात किंवा त्यांवर बारीक सुरकुत्या येतात. स्पॉट यूव्हीचा, म्हणजे मुखपृष्ठाच्या काही भागांवरच दिलेला जाड चकचकीत थर गरम झाल्यावर वरच्या कागदाला चिकटू शकतो. चौकोनी कण्याचे, म्हणजे पिनांऐवजी गरम डिंकाने बांधलेले अंक तापवले की कण्यातला तोच डिंक पुन्हा मऊ होतो आणि पाने सुटतात. आपल्याकडच्या अनेक अंकांच्या मुखपृष्ठावर लॅमिनेशन असते. त्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्याला कागदाप्रमाणे ओलावा घेता येत नाही आणि उष्णतेने तो आकसतो किंवा फुगे धरतो. चित्रकाराची सही असलेल्या प्रतीवरची मार्करची, विशेषतः सोनेरी-चंदेरी शाई वर ठेवलेल्या कागदावर उतरू शकते. यात आणखी एक जात मी स्वतंत्रपणे घालतो, ती म्हणजे हौशी मंडळींनी थोड्या प्रती डिजिटल यंत्रावर छापून काढलेली कॉमिक्स. त्यांतला टोनर, म्हणजे शाईची पूड, मुळात उष्णतेनेच कागदावर वितळवून बसवलेला असतो, तेव्हा पुन्हा तापवल्यास तो मऊ होऊन समोरच्या पानाला लागू शकतो. या सगळ्यांसाठी पुढे सांगितलेली थंड पद्धत आहे.

यंत्र आणि तापमान

कॉमिक्ससाठी मुळात छायाचित्रे पुठ्ठ्यावर चिकटवण्याची ड्राय माउंट प्रेस वापरली जात असे. आपल्याकडे ती सहज मिळत नाही, पण टी-शर्टवर चित्र उमटवणारी हीट प्रेस आता धुळे, जळगाव, भुसावळ, नंदुरबार अशा कोणत्याही शहरात एखाद्या तरी दुकानात असते आणि योग्य काळजी घेतल्यास ती चालते. हे दुकानदार यंत्र १८० ते २०० अंश सेल्सिअसवर वापरतात. मी पहिल्यांदा माझ्या ओळखीच्या छपाईवाल्याला ६० अंशांवर ठेवायला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "भो, साठवर तर चहा बी गरम राहत नाही, चित्र कसं बसन?" त्याचे म्हणणे त्याच्या कामापुरते बरोबर होते. आपल्याला काहीही बसवायचे नाही. बसलेले हलू न देता फक्त कागद सैल करायचा आहे.

आधुनिक, लेप असलेल्या कागदाच्या पिनांच्या कॉमिकसाठी ६० ते ६५ अंश सेल्सिअस हे तापमान पुरते. येथे एक इशारा मी माझ्या स्वतःच्या नुकसानीतून देतो. प्रेसिंगविषयीचे बहुतेक लेखन अमेरिकन असल्यामुळे त्यात तापमान फॅरनहाइटमध्ये असते, तर आपल्याकडची यंत्रे सेल्सिअसमध्ये आकडा दाखवतात. १५० अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे ६६ अंश सेल्सिअस. पण १५० हा आकडा मी वहीत एकक न लिहिता टिपून ठेवला होता आणि यंत्रावर तोच लावला. चार मिनिटांत मुखपृष्ठ सुकून आकसले, आतली पाने त्याच्या कडेबाहेर आली आणि मधल्या पानांची जोडी एकसंध पुठ्ठ्यासारखी झाली. ते कॉमिक मी अजून जपून ठेवले आहे. तेव्हापासून यंत्रावर ७० या आकड्याशी लाल पट्टी चिकटवलेली आहे आणि त्यापलीकडे मी कोणत्याही कारणाने जात नाही.

स्वस्त यंत्राचा पडद्यावरचा आकडाही विश्वासाने घेऊ नये. तापवणारी तार बंद झाल्यानंतरही तवा काही अंश वर जातो, आणि मध्यभाग व कोपरे यांत फरक असतो. यंत्र लावून वीस मिनिटे रिकामे तापू द्यावे, मग साधा प्रोब असलेला तापमापक कागदांच्या थप्पीत, कॉमिक ज्या जागी येणार तेथेच, ठेवून प्रत्यक्ष तापमान मोजावे. दाबाचीही अशीच परीक्षा घ्यावी: कागदाच्या चार पट्ट्या चार कोपऱ्यांत ठेवून यंत्र बंद करायचे आणि एकेक पट्टी ओढून पाहायची. चारही सारख्याच जोराने अडल्या पाहिजेत. शिंपल्यासारखे उघडणारे यंत्र बिजागरीकडे जास्त दाबते, त्यामुळे तेथील पट्ट्या अधिक घट्ट लागतात; असे असेल तर मधल्या थरांची जाडी बदलून किंवा दाबाचा स्क्रू सैल करून ते दुरुस्त होईपर्यंत कॉमिक आत जाऊ देऊ नये. या यंत्राच्या खालच्या बाजूला मऊ फोम असतो. तो कपड्यासाठी ठीक आहे, पण कॉमिकच्या पिना त्यात रुतून मुखपृष्ठावर त्यांचे ठसे उमटतात, म्हणून फोमवर ॲल्युमिनियमचा किंवा पोलादाचा सपाट, कडा घासलेला पत्रा ठेवावा.

ऋतू, ओलावा आणि स्वच्छता

नव्या कॉमिकला वेगळा ओलावा द्यावा की नाही, याचे उत्तर खान्देशात महिन्यागणिक बदलते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते. अशा वेळी कागद इतका कोरडा असतो, की कण्यावर जरा ताण आला तरी शाई तडकते. आषाढ-श्रावणात नेमके उलटे होते. कागद आधीच ओलसर असतो आणि त्यात आणखी ओलावा घातला तर पाने चिकटण्याची भीती असते. म्हणून दोनशे-तीनशे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक घ्यावा आणि अंदाजाने काम करू नये. कॉमिकभोवतीची हवा ५० ते ५५ टक्के आर्द्रतेची असली तर ते थेट प्रेसमध्ये जाऊ शकते.

हवा त्याहून बरीच कोरडी असेल तर घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा, तळाशी उथळ वाटीत पाण्याने भिजवून पिळलेला स्पंज ठेवावा, त्यावर जाळी ठेवून तीवर कॉमिक आडवे, सैल ठेवावे आणि आर्द्रतामापक आत, बाहेरून दिसेल असा उभा करावा. पाणी शुद्धच हवे. पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळणारे पाणी चालते, बोअरचे नको, कारण आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतात. आकडा ५५ च्या पुढे गेला की झाकण उघडावे. पानाला हात लावल्यावर ते थंड किंवा मऊ लागले तर ओलावा जास्त झाला आहे आणि त्या दिवशी प्रेसिंग करू नये. कॉमिकवर थेट फवारा मारणे, किटलीच्या वाफेवर ते धरणे किंवा ओला रुमाल ठेवून इस्त्री फिरवणे हे लेपाच्या कागदावर कधीही करू नये. इस्त्रीचा दाब सरकता असतो, ती शाईला पुसत नेते आणि तिच्या टोकाची खूण मुखपृष्ठावर कायमची राहते.

बाहेरून मागवलेले कॉमिक आल्या दिवशी प्रेस करण्याचीही घाई नको. पिशवीतच ठेवून दोन-तीन दिवस ते आपल्या खोलीच्या हवेशी जुळू द्यावे. पुष्कळ वेळा निम्मी वळी आपोआप उतरते.

प्रेसिंगपूर्वी धूळ काढणे अपरिहार्य आहे. आपल्याकडची काळी माती बारीक असते आणि दाबाखाली ती कागदात कायमची बसते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, मऊ ब्रशने कण्याकडून कडेकडे धूळ झाडावी, चकचकीत मुखपृष्ठावरचे बोटांचे ठसे कोरड्या मायक्रोफायबर कापडाने, न घासता, टिपून घ्यावेत. पांढरे खोडरबर फक्त न छापलेल्या पांढऱ्या जागेवर वापरावे.

थप्पी कशी रचावी

येथे वेळ घालवावा. प्रेसिंगचे यश माझ्या मते यंत्रापेक्षा थप्पीत जास्त असते.

पिनांच्या कॉमिकचा कण्याचा भाग कडेपेक्षा नेहमी किंचित जाड असतो, कारण तेथे घडी आणि पिना दोन्ही असतात. ते तसेच दाबले तर सगळा दाब कण्यावर येतो, कडेला पोचतच नाही, आणि पिनांपाशी मुखपृष्ठ चिरते. शिवाय आतल्या पानांच्या कडा आणि पिनांची टोके पातळ मुखपृष्ठातून बाहेर उमटतात. या तिन्ही गोष्टी टाळण्यासाठी थप्पीची रचना करायची आहे.

आधी आतली बाजू पाहू. अमेरिकन पद्धतीचे नेहमीचे कॉमिक साधारण १६.८ बाय २६ सेंटिमीटरचे असते. मुखपृष्ठाच्या आत एक, मलपृष्ठाच्या आत एक आणि मधोमध, जेथे पिनांची टोके वळलेली दिसतात तेथे एक, असे साध्या पांढऱ्या, न छापलेल्या जाड कागदाचे तीन ताव ठेवावेत. हे ताव कण्याच्या घडीपर्यंत अलगद सरकवावेत, जोर लावून खुपसू नयेत, आणि बाकीच्या तीन बाजूंना ते पानापेक्षा थोडे मोठे असावेत. हा बारकावा फार महत्त्वाचा आहे: तावाची कड पानाच्या मध्येच संपली, तर त्या कडेची सरळ रेघ पानावर दाबली जाते आणि एक दोष घालवताना दुसरा तयार होतो. अनेकांच्या प्रेस केलेल्या कॉमिकवर कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर जी गूढ समांतर रेघ दिसते, ती याच कारणाने आलेली असते.

बाहेरून दोन्ही बाजूंना सिलिकॉनचा लेप असलेला कागद ठेवावा, म्हणजे शाई किंवा लेप वरच्या थराला चिकटणार नाही. किराणा दुकानातला बटर पेपर तो हाच आहे असे समजू नये. त्यातले काही कागद मेणाचे असतात, आणि मेण ६० अंशांना वितळून मुखपृष्ठात शिरते. केक भाजण्यासाठी विकला जाणारा, वेष्टनावर सिलिकॉनचा स्पष्ट उल्लेख असलेला कागदच घ्यावा, आणि तोही आधी रद्दीतल्या मासिकावर तपासून पाहावा. सिलिकॉनच्या कागदावर सुरकुती पडलेली असेल तर तो टाकून द्यावा, कारण त्याची सुरकुती कॉमिकवर उतरते. त्यानंतर दोन्ही बाजूंना ॲसिडविरहित जाड पुठ्ठा, आणि सर्वांत बाहेर पत्रा.

कणा आणि कड यांच्या जाडीतला फरक भरून काढण्यासाठी, मलपृष्ठाकडच्या सिलिकॉन कागदाच्या बाहेर, पुठ्ठ्याच्या आणि त्याच्यामध्ये, कडेच्या बाजूला साधे कागद पायऱ्यापायऱ्यांनी ठेवतात: पहिला कण्यापासून दोन सेंटिमीटर सोडून, दुसरा चार, तिसरा सहा. एकाच जागी सर्व कागद संपवले तर तेथे धार तयार होते, म्हणून पायऱ्या हव्यात. किती कागद लागतील हे बोटाने चाचपूनच ठरते. थप्पीवर तळहात फिरवला की कणा वेगळा उंच जाणवता कामा नये. हा अंदाज यायला मला रद्दीवाल्याकडून किलोने घेतलेल्या पिनांच्या चकचकीत मासिकांवर काही आठवडे काढावे लागले, आणि आवडते कॉमिक हाती घेण्याआधी प्रत्येकाने ते काढावेत, असा माझा आग्रह आहे.

दाबणे आणि निवू देणे

यंत्र ६० अंशांवर स्थिर झाले, की थप्पी मध्यभागी ठेवून ते हलक्या-मध्यम दाबावर बंद करावे. हँडल ढकलताना खांद्याचा जोर लागत असेल तर दाब फार आहे. आठ ते दहा मिनिटे पुरतात. त्यानंतर उष्णता बंद करायची, परंतु यंत्र उघडायचे नाही. किमान १२ तास, शक्य असेल तर २४ तास ते तसेच बंद राहू द्यावे. गरम कागद दाबातून बाहेर काढला की तो खोलीच्या हवेतला ओलावा असमानपणे घेऊ लागतो आणि डोळ्यांदेखत लाट धरतो. तो आतच थंड झाला तर सपाटपणा कायम राहतो.

उष्णता बंद करणे म्हणजे भिंतीवरचा स्विच बंद करणे, यंत्रावरचा नव्हे. ज्या भागात वीज येते-जाते तेथे हा फरक जीवघेणा ठरतो. तापवण्याच्या दहा मिनिटांत वीज गेली तर घाबरण्याचे कारण नाही. थप्पी उघडू नये, ती हळूहळू निवेल आणि कॉमिकला काही होणार नाही. खरा धोका वीज परत येण्यात आहे. आपण झोपलेले असताना यंत्र पुन्हा चालू होऊन रात्रभर तापत राहिले, तर सकाळी मुखपृष्ठ आकसलेले आणि आतली पाने पंख्यासारखी पसरलेली मिळतात. म्हणून वीज जाताच प्लग काढून ठेवावा आणि उरलेले काम दुसऱ्या दिवशी, थप्पी पूर्ण थंड झाल्यावर, नव्याने करायचे की नाही ते ठरवावे.

या सर्व कारणांनी खान्देशात प्रेसिंगचा योग्य काळ कार्तिकापासून माघापर्यंतचा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. थंडीत संध्याकाळी तापवलेली थप्पी पहाटेपर्यंत खरोखर थंड होते. मे महिन्यात पत्र्याच्या छताखालच्या खोलीत मध्यरात्रीही भिंती धगधगत असतात. तेथे थप्पी निवत नाही, केवळ कमी गरम होते. उन्हाळ्यातच करणे भाग असेल तर तळमजल्यावरची खोली निवडावी, आणि गावाकडे धाब्याचे घर असेल तर त्याहून चांगली जागा नाही, कारण मातीच्या छताखाली दिवसरात्रीच्या तापमानात फारसा फरक पडत नाही. तेथे छतातून झडणारी माती मात्र थप्पीवर येऊ नये म्हणून वर कापड बांधावे.

यंत्रातून काढल्यावर सिलिकॉनचा कागद सपाट ठेवूनच, एका कोपऱ्यापासून मागे दुमडत सोलावा. कॉमिक वर उचलून ओढू नये. आतले तीन ताव शेवटी काढावेत. पुन्हा तिरक्या प्रकाशात पाहावे. एखादा पोचा अर्धवट उरला असेल तर तो तसाच सोडून देणे बहुतेक वेळा शहाणपणाचे असते. दुसऱ्यांदा करायचेच असेल तर आठवडाभराने, तापमान न वाढवता करावे. तिसरी वेळ नाहीच.

यंत्राशिवाय

ज्यांना उष्णतेची जोखीम घ्यायची नाही, किंवा ज्यांचे कॉमिक वरच्या निषिद्ध यादीत बसते, त्यांच्यासाठी वजनाची पद्धत आहे आणि मी तिला दुय्यम मानत नाही. स्वयंपाकघराचे ओटे बसवणाऱ्यांकडे ग्रॅनाइटचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. ३० बाय ४५ सेंटिमीटरचा, २ सेंटिमीटर जाडीचा तुकडा सात किलोंच्या आसपास भरतो. असे तीन घ्यावेत, एक खाली आणि दोन वर, गुळगुळीत बाजू कॉमिककडे ठेवून, आणि मधली थप्पी वर सांगितल्याप्रमाणेच रचावी. उठावाचे मुखपृष्ठ असेल तर वर एकच तुकडा ठेवावा आणि त्या बाजूला पुठ्ठ्याऐवजी टिपकागदाचे चार-पाच मऊ थर द्यावेत. वळलेली कड आणि हलकी लाट दोन ते तीन आठवड्यांत उतरते. कण्याचा कल उतरायला दीड-दोन महिने लागू शकतात. टोकदार पोचे या पद्धतीने पूर्णपणे जात नाहीत. उन्हाळ्यात खोलीचीच ऊब थप्पीला मिळते आणि पहाटेपर्यंत ती थोडी निवते, त्यामुळे वैशाखातली थंड पद्धत इतर ऋतूंपेक्षा लवकर गुण देते, असे माझ्या पाहण्यात आले आहे. थप्पी उन्हात किंवा गच्चीवर मात्र नेऊ नये.

प्रेस केलेली प्रत विकणार किंवा अदलाबदल करणार असाल तर समोरच्याला ती प्रेस केलेली आहे हे आपण होऊन सांगावे. अमेरिकेत २००० साली सुरू झालेली सीजीसी ही संस्था ०.५ ते १० या श्रेणीत कॉमिक्सची प्रत ठरवते आणि नीट केलेल्या प्रेसिंगला ती जीर्णोद्धार समजत नाही. तरीही अनेक संग्राहकांना हात न लागलेली प्रतच हवी असते, आणि त्यांचा तो अधिकार आहे.

शेवटी साठवण. प्रेसमधून निघालेले कॉमिक दोन दिवस पुठ्ठ्यांमध्ये हलक्या वजनाखाली ठेवून मग पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा पॉलिएस्टरच्या पिशवीत, मागे ॲसिडविरहित पुठ्ठा देऊन, खोक्यात उभे ठेवावे; खोके इतके भरलेले असावे की कॉमिक कलणार नाही, पण दाबलेही जाणार नाही. माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून खोके ठेवू नये, आणि जमिनीपासून ते उंच असावे, कारण उधई खालूनच चढते. मृगाच्या पहिल्या सरी पडल्यानंतर आठवडाभराने प्रत्येक पिशवी न उघडता टॉर्चच्या तिरक्या प्रकाशात पाहून घ्यावी. ज्या प्रतीवर लाट परत आलेली दिसेल, ती पुन्हा यंत्रात न घालता, खोक्यात ओलावा शोषणारे सिलिका जेल ठेवून हवा कोरडी होईपर्यंत थांबावे, आणि मग ग्रॅनाइटच्या एकाच तुकड्याखाली तीन आठवडे ठेवावी.